अलेंतेजोचा एक दिवस : बुचाच्या रानातून समुद्रापर्यंत

पहाटे ४.४५

एव्होरा शहराच्या कोटाबाहेर गाडी लावून मी पाहुण्यांची वाट बघतोय. लिस्बनमध्ये राहून मराठी माणसांना पोर्तुगाल दाखवणं हे माझं काम. या वेळी सहा जण आहेत : पुण्याचे काका-काकू, तासगावचे द्राक्ष बागायतदार अण्णा आणि त्यांची लेक, आणि म्हापशाच्या दोघी बहिणी. जूनचा पहिला आठवडा आहे. इतक्या लवकर कशाला, असं काकूंनी काल रात्री विचारलं होतं. मी म्हटलं, "काकू, इथे ऊन डोक्यावर आलं की माणसं कामं आवरून घरात जातात. आपण नऊला निघालो तर रिकामी रानं आणि बंद दारं बघून परत यावं लागेल."

लिस्बनहून निघणाऱ्या बहुतेक सहली अलेंतेजोला एकच दिवस देतात, तोही दहा ते पाच. एव्होरात उतरायचं, हाडांचं चॅपेल बघायचं, जेवायचं, वाइन चाखायची आणि परतायचं. तेजो नदीच्या दक्षिणेला पसरलेला हा प्रदेश पोर्तुगालच्या जवळजवळ एक तृतीयांश जमिनीवर आहे आणि वस्ती सगळी मिळून सात लाखांच्या आसपास. इतक्या मोठ्या मोकळ्या मुलखाचं मन त्याच्या कामात आहे आणि ते काम उजाडायच्या आधी सुरू होतं. माझ्या सहलीचं वेळापत्रक मी त्यावरूनच आखतो.

सकाळी ६.००

एव्होराच्या पश्चिमेला ग्वादालुपे गाव ओलांडलं की डांबरी रस्ता संपतो. धुळीच्या वाटेने गाडी अल्मेंद्रेसच्या पाषाणांपाशी येते. उतारावर ग्रॅनाइटचे जवळपास ९५ दगड उभे आहेत, काही गुडघ्याएवढे, काही माणसाहून उंच. कडा झिजून गोलसर झालेल्या. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी इथल्या पहिल्या शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी ते उभे करायला सुरुवात केली, म्हणजे इंग्लंडच्या स्टोनहेंजच्याही कितीतरी आधी. आणि जगाला त्यांची ओळख पटली ती १९६४ मध्ये. तोवर झाडाझुडपांत ते तसेच होते.

उतार पूर्वेला आहे. सहा वाजून गेल्यावर ऊन तिरकं येतं आणि दगडांवरचं कोरीव काम, वर्तुळं आणि मेंढपाळाच्या आकड्यासारख्या रेषा, थोडा वेळ स्पष्ट दिसतं. दुपारी हेच दगड सपाट वाटतात. अण्णांची लेक एका दगडावर तळवा ठेवून म्हणाली, "दगड अजून गार आहे." त्या वेळी आमच्याशिवाय तिथे कुणीच नव्हतं.

सकाळी ७.००

पाषाणांच्या भोवती जे रान आहे ते बुचाच्या झाडांचं. पुण्यात रस्त्याकडेला पांढऱ्या सुगंधी फुलांचा जो बूच असतो त्याच्याशी याचा संबंध नाही. हे झाड ओकच्या कुळातलं. जगात तयार होणाऱ्या बुचापैकी साधारण निम्मं एकट्या पोर्तुगालमधून येतं आणि त्यातला मोठा वाटा याच मैदानांचा.

एका शेतमालकाची आधीच परवानगी काढून ठेवली होती. आम्ही पोचलो तेव्हा टोळीचं काम सुरू होऊन तास झाला होता. माणसं जोडीजोडीने काम करतात. एक जण खाली बुंध्याशी, दुसरा शिडीने वर फांद्यांच्या बेचक्यात. हातात लांब दांड्याची, धारदार पात्याची कुऱ्हाड. बुंध्यावरची एखादी उभी भेग बघून तिथे कुऱ्हाड मारायची, पातं किंचित पिरगळायचं, आणि कानाने ऐकायचं. पोकळ, फाटल्यासारखा आवाज आला तर साल सुटणार. आवाज कोरडा आणि बंद आला तर झाड तयार नाही, जोर करायचा नाही. मग वर आडवा काप घ्यायचा, दांड्याचं पाचरीसारखं निमुळतं टोक सालीखाली घालून हळूहळू उचलायचं. पुरुषभर उंचीची पन्हाळीसारखी अखंड साल अलगद सुटून खाली येते. जितकी अखंड तितकी किंमत जास्त.

सगळी कसोटी कुऱ्हाड किती खोल जाते यात आहे. बाहेरच्या सालीच्या आत एक जिवंत थर असतो, नवी साल तोच तयार करतो. त्याला घाव बसला तर ती जखम झाड आयुष्यभर वागवतं. म्हणून हे काम अजूनही बहुतांशी हाताने होतं, नव्या माणसाला वर्षानुवर्षं जुन्या माणसाशेजारी उभं राहून शिकावं लागतं, आणि म्हणूनच शेतकामात सर्वांत चांगली मजुरी मिळणाऱ्या कामांत याची गणना होते. काम मेच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतच चालतं, कारण याच दिवसांत झाड वाढीला लागलेलं असतं आणि साल आतल्या थरापासून इजा न होता सुटते. पाऊस आला किंवा गरम वारा सुटला तर टोळी त्या दिवशी कुऱ्हाड खाली ठेवते.

साल काढलेला बुंधा आधी फिकट गुलाबी दिसतो. आठवड्याभरात तो केशरी होतो, मग विटकरी, मग काळपट. त्यावर पांढऱ्या रंगात एक आकडा रंगवतात, त्या वर्षाचा शेवटचा अंक. म्हापशाच्या धाकट्या बहिणीने एका झाडावरचा ७ दाखवून विचारलं, हा काय झाडाचा नंबर? नाही. त्याची साल २०१७ मध्ये काढली, म्हणजे पुढची काढणी २०२६ च्या आधी नाही. दोन काढण्यांमध्ये किमान नऊ वर्षं गेली पाहिजेत असा कायदा आहे.

अण्णा इतका वेळ गप्प होते. मग हिशोबाला बसले. "पहिली साल कधी निघती म्हनायची?"

"पंचवीसएक वर्षांनी. बुंध्याचा घेर ७० सेंटिमीटर भरल्याशिवाय काढता येत नाही. पण ती साल खडबडीत, बाटलीच्या कामाची नाही. नऊ वर्षांनी दुसरी, तीही नाही. तिसरी निघते तेव्हा झाड चाळिशी ओलांडून गेलेलं असतं. ती बाटलीच्या बुचाला चालते."

"म्हंजे लावनारा गेला, पोरगं म्हातारं झालं, मग पैका." त्यांनी मान हलवली. "आमची बाग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी धरली न्हाई तर बँक दारात येती."

त्यांचं बरोबर आहे, आणि या रानाचं सामर्थ्यही तिथेच आहे. एकदा सुरू झालं की झाड सुमारे दीडशे वर्षं साल देत राहतं, एकदाही न तोडता. झाडाखाली मेंढ्या चरतात, मधाच्या पेट्या असतात. शेजारच्या सदाहरित ओकाची गोड फळं हिवाळ्यात गळतात आणि काळी डुकरं त्यावर पोसतात. झाड, जनावर आणि शेत एकाच जमिनीवर सांभाळणाऱ्या या पद्धतीला इथे मोंतादो म्हणतात. माझ्या मते पोर्तुगालमध्ये बघण्यासारखी जी काही माणसाची निर्मिती आहे, त्यात राजवाडे आणि चर्च यांच्या आधी मोंतादोचं नाव घ्यावं. बुचाच्या झाडाला २०११ मध्ये संसदेने राष्ट्रीय वृक्ष ठरवलं. परवानगीशिवाय ते तोडता येत नाही, मालकालाही नाही. एवढं असूनही दुष्काळ आणि रोगाने झाडं वाळताहेत. टोळीच्या मुकादमाने मला उतारावरची चार-पाच करडी, निष्पर्ण झाडं दाखवली. त्यांच्या बुंध्यावर आकडा होता, पण पुढच्या काढणीपर्यंत ती राहिली नाहीत.

सकाळी ९.३०

न्याहारीची सुट्टी. माणसं सावलीत बसली, खिशातले चाकू निघाले. अलेंतेजोचा पाव मोठा, जाड कवचाचा, आंबवलेल्या पिठाचा असतो, तो आठवडाभर टिकतो. सोबत मेंढीच्या दुधाचं कडक चीज, ऑलिव्ह, डुकराचं सुकं सॉसेज. मुकादमाने काकूंना पावाचा तुकडा आणि चीज कापून दिलं. काकूंनी पुण्याहून आणलेल्या भाकरवडीचा पुडा उघडून सगळ्यांपुढे फिरवला. एकाने तिखटामुळे पाणी मागितलं आणि पुन्हा हात पुढे केला.

टोळी दीडच्या सुमाराला काम थांबवते. सालींच्या थप्प्या रचून ठेवतात, त्या काही महिने उघड्यावर मुरतात, मग कारखान्यात उकळतात. ते बघायचं तर वेगळा दिवस हवा.

सकाळी ११.००

एव्होरा. शहर १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. मला इथे दीड तास पुरतो, कारण कोटाच्या आत सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात आहे.

रोमन मंदिर पहिल्या शतकातलं. ग्रॅनाइटचे खांब, त्यांच्या माथ्याला एश्त्रेमोजचा संगमरवर. त्याला डायनाचं मंदिर म्हणतात, पण त्या देवीशी त्याचा संबंध असल्याचा पुरावा नाही. ते टिकलं कसं, ही गोष्ट मला जास्त सांगावीशी वाटते : मध्ययुगात खांबांच्या मधल्या जागा भिंतींनी भरून टाकल्या आणि आत खाटीकखाना चालवला. तो १८३६ पर्यंत होता. त्या भिंतींनीच खांब धरून ठेवले. नंतर एकोणिसाव्या शतकातच भिंती पाडल्या, तेव्हा मंदिर पुन्हा मोकळं झालं.

कॅथीड्रलमध्ये म्हापशाच्या बहिणींना मी ऑर्गन दाखवतो. जपानमधल्या ख्रिस्ती सरदारांनी पाठवलेले चार कोवळे दूत १५८४ मध्ये गोव्यावरून पोर्तुगालला आले, ते एव्होरातही राहिले होते, आणि त्यांतल्या दोघांनी या कॅथीड्रलमध्ये ऑर्गन वाजवला. आपला गोवा त्या काळी जगाच्या किती रस्त्यांवर होता, हे अशा कोपऱ्यात उभं राहिल्यावर लख्ख समजतं.

हाडांच्या चॅपेलला मी दहा मिनिटं देतो. फ्रान्सिस्कन साधूंनी भरून गेलेल्या दफनभूमींतली हजारो माणसांची हाडं भिंतींत रचली, मृत्यूचं स्मरण राहावं म्हणून. पण मला पाहुण्यांना न्यायचं असतं ते सोळाव्या शतकातल्या पाण्याच्या पुलाकडे. १५३० च्या दशकात बांधलेला हा पूल दूरवरून शहराला पाणी आणायचा. शहराजवळ येताना तो उतरत जातो आणि त्याच्या कमानींच्या आत लोकांनी घरं बांधली आहेत. कमानीत दार, दाराशी कुंडी, आत टीव्हीचा आवाज. काका बराच वेळ एका दारासमोर उभे होते. पाटबंधारे खात्यात नोकरी झालेली. "बांधकाम चांगलं असलं की लोक त्याला सोडत नाहीत," एवढंच म्हणाले.

दुपारी १.००

जेवण असोर्दाचं. एव्होरातल्या एका लहानशा खाणावळीची मालकीण पाहुण्यांसमोर करून दाखवते. मोठ्या मातीच्या वाडग्यात लसूण, जाडं मीठ आणि मूठभर कोथिंबीर घेऊन लाकडी दांड्याने ठेचते. पार लगदा होईपर्यंत. वर ऑलिव्हचं तेल, सढळ हाताने. मग उकळतं पाणी, आणि त्यात शिळ्या पावाचे काप. प्रत्येकाच्या ताटलीत वरून एक अंडं, पाण्यात सोडून शिजवलेलं. झालं जेवण.

पाणी पडलं तसा वास उठला आणि काकूंनी डोळे मिटले. युरोपात बऱ्याच ठिकाणी कोथिंबीर शोधावी लागते. अलेंतेजोत ती घरोघर आहे, जुडीने विकत मिळते, रश्शात, मटणात, शिंपल्यांत, सगळीकडे. काकू म्हणाल्या, "आपण ठेचा करतो तसंच की हे, मिरची तेवढी नाही." त्यांनी अंड्याशिवाय दोनदा घेतलं.

हे गरिबांचं जेवण. ज्या मजुराच्या घरी मांस नव्हतं, धान्य मालकाचं होतं आणि कालचा पाव तेवढा आपला होता, त्याच्या बायकोने रानातली पानं आणि गरम पाणी घेऊन हे अन्न उभं केलं. आज महागड्या उपाहारगृहांत ते मिळतं. मिळू दे, पण त्याची पाळंमुळं कुठे आहेत हे जेवताना सांगायचं मी सोडत नाही.

दुपारी २.३०

रस्त्यावर कुणी नाही. खिडक्या बंद. घरांच्या पांढऱ्या चुन्यावर नजर ठरत नाही. खाली निळा किंवा पिवळा पट्टा, जाड भिंती, लहान खिडक्या : सगळं बांधकाम उन्हाशी समझोता करून झालेलं. बेजा जिल्ह्यातल्या आमारेलेजा गावात १ ऑगस्ट २००३ रोजी पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. पाहुणे खोल्यांत पडले. मी रात्रीच्या मुक्कामाला फोन करतो, डिझेल भरतो, पाण्याच्या बाटल्या गाडीत टाकतो.

दुपारी ३.४५

दक्षिणेकडे. तासाभरात विदिगेरा येतं. गाव द्राक्षांचं. इथे आणि शेजारच्या व्हिला दे फ्रादेशमध्ये अजून मोठाल्या मातीच्या रांजणांत वाइन करतात, रोमन काळापासून चालत आलेल्या पद्धतीने. द्राक्षं चिरडून सालासकट रांजणात, आणि ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, रांजणाच्या तळाशी तोटी ठोकून पहिली वाइन काढायची. अण्णांनी रांजणाला आतून कशाचा लेप देतात, ते विचारून घेतलं. पाइनच्या राळेचा आणि मेणाचा.

वास्को द गामा या विदिगेराचा काउंट होता. जन्म इथून पश्चिमेला समुद्रकाठच्या सिनेशचा. व्हाइसरॉय म्हणून तो शेवटचा आला १५२४ मध्ये, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या चौलला उतरला, तिथून गोवा, आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी कोचीनला वारला. त्याच्या अस्थी १५३९ मध्ये विदिगेराला आणल्या आणि १८८० पर्यंत त्या इथल्या मठात होत्या. मग लिस्बनला नेल्या. मलबारच्या किनाऱ्यावर त्याने केलेले अत्याचार इथल्या पुतळ्यांवर लिहिलेले नसतात. मी ते सांगतो. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज त्याने १५०२ मध्ये बायकामुलांसकट जाळलं. म्हापशाची थोरली बहीण म्हणाली, "आमच्याकडे शहराला त्याचं नाव आहे, आणि हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नाही."

संध्याकाळी ५.३०

आता खरं मैदान. बेजाच्या चहूबाजूंना जमीन इतकी सपाट होते की एखादं एकटं झाड मैलभरावरून दिसतं. गहू कापणीला आलेला, वाऱ्याबरोबर हलणारा. इथे मी गाडी कडेला घेतो आणि इंजिन बंद करतो, कारण आजच्या दिवसात मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते इथे.

या जमिनी शतकानुशतकं मूठभर मालकांच्या होत्या. हजार-हजार हेक्टरांची एकेक वाडी, टेकाडावर मालकाचं पांढरं घर, आणि आसपासच्या गावांत रोजच्या कामाची वाट बघणारे भूमिहीन मजूर. मालक पुष्कळदा लिस्बनला. हंगाम असेल तर काम, नाहीतर उपास. लष्करी हुकूमशाहीने १९२९ पासून आणि पुढे सालाझारच्या राजवटीने गव्हाची मोहीम चालवली, पातळ मातीच्या उतारांवरही नांगर घातला आणि पुष्कळ जमीन त्यात खरवडून गेली.

इथून पूर्वेला, पंधरा किलोमीटरच्या आत, बालेइझाव गाव आहे. तिथे १९ मे १९५४ रोजी कापणीच्या मजुरांनी वाढीव मजुरी मागितली. त्यांच्या पुढे कातारिना एउफेमिया नावाची २६ वर्षांची शेतमजूर होती, तीन मुलांची आई. राष्ट्रीय गार्डच्या अधिकाऱ्याने तिला जवळून गोळ्या घातल्या. मागणी होती थोड्याशा पैशांची.

वीस वर्षांनी, २५ एप्रिल १९७४ च्या पहाटे, हुकूमशाही उलथली. सैन्याला निघण्याची खूण म्हणून मध्यरात्रीनंतर रेडिओवर लावलेलं गाणं अलेंतेजोतल्याच ग्रांदोला गावावरचं होतं, झेका आफोन्सोचं. मजुरांनी १९७५ मध्ये दहा लाख हेक्टरांहून जास्त जमीन ताब्यात घेतली, सहकारी शेतं काढली, शाळा आणि पाळणाघरं सुरू केली. पुढे १९७७ च्या कायद्याने जमिनी हळूहळू मालकांकडे परत जाऊ लागल्या. झोझे सारामागो या भागात येऊन मजुरांमध्ये राहिला आणि १९८० मध्ये त्यांच्या पिढ्यांची कादंबरी लिहिली. त्याला १९९८ मध्ये नोबेल मिळालं.

अण्णांच्या लेकीने विचारलं, "मग आता जमीन कुणाची?"

समोर बघ, म्हटलं. गव्हापलीकडे गडद हिरव्या सरळ रेषा दिसतात, ते ऑलिव्ह. बांधावरच्या कुंपणासारखी दाट लावलेली, ठिबकवर वाढलेली, यंत्राने काढणीची. हे पाणी ग्वादियाना नदीवरच्या आल्केवा धरणाचं. त्याचे दरवाजे फेब्रुवारी २००२ मध्ये बंद झाले. भरलं की २५० चौरस किलोमीटर पाणी, सुमारे १,२०,००० हेक्टरांना पुरेल अशी पहिली योजना. लूझ नावाचं गाव त्यात बुडालं. ते वर नवं बांधून दिलं, स्मशानभूमीसुद्धा हलवली. पाणी आल्यावर मोठं भांडवल आलं, स्पेनमधूनही आलं. ऑलिव्हची रात्री यंत्राने काढणी करताना त्या झाडांत झोपलेले पक्षी मरतात हे उघड झालं, तेव्हा ती काढणी थांबवावी लागली.

"पानी आलं की आदी ऊस, मग कारखाना, मग पुढारी," अण्णा म्हणाले. "आमच्याकडं बी असंच." काकांनी यावर बराच वाद घातला, धरणं नसती तर काय खाल्लं असतं म्हणून. मी गाडी सुरू केली. आणि कांत लावलं.

अलेंतेजोचं कांत हे वाद्याशिवायचं समूहगान. एक जण कडवं उचलतो, दुसरा वरच्या पट्टीत ते घेतो, मग सगळे मिळून संथ लयीत येतात. शेतमजूर आणि खाणकामगार खांद्याला खांदा लावून, पावलं मोजत चालत गातात. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हटलं. पुढचा तासभर गाडीत कुणी बोललं नाही.

संध्याकाळी ७.१५

साँव तेओतोनियो, ओदेमिरा तालुका. हवेत गारवा येतो, समुद्र जवळ आहे. आणि टेकडीवरून खाली बघितलं की प्लास्टिकच्या पांढऱ्या छपरांचा पसारा. हरितगृहं. रासबेरी आणि इतर बेरी, उत्तर युरोपच्या दुकानांसाठी. ही जमीन नैसर्गिक उद्यानाच्या हद्दीत येते, तरी सिंचन आधीपासून असल्याने शेती चालते.

गावच्या मुख्य रस्त्यावर मी पाहुण्यांना उतरवतो. किराणा दुकानात हिंग, मसूर, बासमती, मॅगी. गल्ल्यात पंजाबी आणि नेपाळी बोलणं. कामावरून परतलेली पोरं सायकलवर. होशियारपूरकडचा एक पोरगा काकूंशी हिंदीत बोलत उभा राहिला. एका घरात किती जण राहता, म्हणून काकूंनी विचारलं. आता सात, आधी चौदा होतो, म्हणाला. दलालाला दिलेलं कर्ज अजून फिटलेलं नाही.

२०२१ च्या वसंतात कोविडमुळे सरकारने या भागातल्या दोन ग्रामपंचायतींच्या सीमा बंद केल्या, तेव्हा एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी ही माणसं पोर्तुगालच्या टीव्हीवर पहिल्यांदा नीट दिसली. नोव्हेंबर २०२२ मध्ये बेजा भागात पोलिसांनी परदेशी शेतमजुरांना जवळजवळ वेठीला धरणाऱ्या टोळीतल्या तीसहून अधिक जणांना पकडलं. त्या मजुरांत भारतीयही होते. बालेइझावच्या गव्हात जे चाललं होतं, त्याची आठवण मला इथे प्रत्येक वेळी होते. मजूर बदलले, मागणी तीच राहिली : कामाचे पैसे आणि माणसासारखं घर. काही सहल कंपन्या हा रस्ता टाळतात. मी टाळत नाही. अलेंतेजोचं आजचं काम याच हातांनी चाललंय आणि त्यांतले पुष्कळ हात आपल्या देशातले आहेत.

रात्री ८.१५

काबो सारदाँव. १९१५ चं दीपगृह, त्याच्या पलीकडे काळ्या-करड्या खडकाचे कडे सरळ अटलांटिकमध्ये उतरतात. आणि त्या कड्यांच्या सुळक्यांवर, खाली लाटा फुटत असताना, पांढऱ्या करकोच्यांची घरटी. हा पक्षी एरवी चर्चच्या मनोऱ्यावर, विजेच्या खांबावर घर करतो. समुद्रकड्यांवर घरटी बांधणारे करकोचे जगात याच किनाऱ्यावर ओळखले जातात. एका घरट्यात तीन पिल्लं उभी होती, उडायला आलेली, पंख पसरून वाऱ्याचा अंदाज घेत होती. मादी की नर ते कळलं नाही, पण मोठा पक्षी मागून येऊन वाऱ्यावर क्षणभर स्थिर झाला आणि नेमका घरट्यात उतरला. काकांनी दुर्बीण शेवटपर्यंत कुणाला दिली नाही. कठडा फारसा नाही, म्हणून मुलं सोबत असतील तर त्यांना हाताशी धरायला मी आधीच बजावून सांगतो.

नऊच्या सुमाराला सूर्य पाण्यात गेला आणि आम्ही झांबुजेरा दो मारला मुक्कामाला निघालो.

रात्री १०.००

जेवताना उद्याचं ठरलं, आणि इथे तुम्हालाही सांगून ठेवतो. अलेंतेजोला किमान तीन रात्री द्या. एक एव्होरात, एक समुद्रकाठी, आणि तिसरी उत्तरेला कास्तेलो दे व्हिदेला. डोंगरावरच्या त्या गावात जुनी ज्यू वस्ती आहे. तिथे जन्मलेला गार्सिया द ओर्ता गोव्यात वैद्य झाला, मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, आणि आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. तो वारल्यावर १५८० मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. मुंबईकराने त्या गावाला जाऊन यायलाच हवं.

गाडी भाड्याने घ्या, इथल्या लहान गावांना बस दिवसातून एखाद-दोनदाच जाते. जुलै-ऑगस्टमध्ये मैदानात येऊ नका, त्या दिवसांत फक्त किनारा सोसवतो. मेचा शेवट ते जूनचा मध्य हा उत्तम काळ : गहू उभा असतो, करकोच्यांची पिल्लं घरट्यात असतात आणि बुचाच्या रानात कुऱ्हाडी चालू असतात. ऑगस्ट संपायच्या आत ते काम बंद होतं आणि त्या झाडांना पुन्हा नऊ वर्षं कुणी हात लावत नाही.